शुक्रवारी फोन का आला नाही

मु. पो. झरी, ता. जि. परभणी
मंगळवार, दुपारी बारा

ती. बिरदेव दादा यांना,

सुरजचा नमस्कार. नर्मदा आत्याला मी पाया पडल्याचं सांगावं. इकडे माय बरी आहे, मी बरा आहे, दोन्ही शेळ्या बऱ्या आहेत. तुमची, आत्याची आणि मेंढरांची तब्येत कशी आहे ते कळवावं. एवढ्या पावसात मेंढरांच्या खुरांना काही झालं नसेल अशी आशा आहे. आत्याचा गुडघा डोंगरातल्या ओलीनं जास्त दुखत असणार, हे मी न विचारताच धरून चालतो. (फोनवर मी तुम्हाला अरे-तुरे करतो आणि इथे तुम्ही-तुम्ही लिहितो आहे. शाळेत थोरांना पत्र असंच लिहायला शिकवलं होतं आणि त्याला पाच मार्क होते. राग मानू नये.)

हे पत्र तात्याराव आणून देतील. मेंढरं कातरायची तारीख ठरवायला ते मागच्या आठवड्यात तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुम्ही दिलेला निरोप त्यांनी जसाच्या तसा आमच्या दारात उभं राहून मोठ्यानं सांगितला. "दोन शुक्रवार अन् एक मंगळवार टेकडीवर चढून बसलो, फोन न्हाई. पोरगं मेलं का जगलं तेवढं कळवा म्हणावं." दादा, मी जगलो आहे. पण आमच्या घरात सध्या असा निरोप आला की माय हातातलं काम टाकून उभी राहते. पुढच्या वेळी तेवढे शब्द बदलून पाठवावेत ही विनंती.

फोन का केला नाही हे सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल. यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे, कारण निम्मं तुमच्याच फोनवर झालं. (तुमच्या म्हणजे आबांच्या. म्हणजे आता तुमच्याच.) पण तुम्हाला टेकडीवर जेवढं ऐकू आलं तेवढंच माहीत आहे, आणि तिथे वारा फार असतो.

मागच्या हिवाळ्यात नीट परीक्षेचा अर्ज भरला तेव्हा घरात एकच फोन होता, आबांचा बटणांचा. अर्जावर तोच नंबर दिला. आबा त्या दिवशी मेंढरांमागे गेले नाहीत. योगीराजच्या ऑनलाइन सेंटरच्या बाहेर, जिथे रेंज चांगली मिळते असं त्यांचं मत होतं, तिथे ते फोन दोन्ही हातांत धरून उभे राहिले. ओटीपी म्हणजे काय हे योगीराजनं त्यांना समजावलं होतं, की हे सहा आकडे फक्त आपल्यालाच कळावेत म्हणून सरकार गुपचूप पाठवतं. ते आकडे आले तेव्हा आबांनी ते रस्त्यावरून आत इतक्या जोरात ओरडून सांगितले की त्या दिवशी झरीच्या बाजारात माझा ओटीपी माहीत नाही असं कुणी राहिलं नसेल. एक केळीवाला तर पुढचे चार दिवस मला बघितलं की ते आकडे म्हणून दाखवायचा. आबांना मात्र ते काम फार आवडलं. मी डॉक्टर होणार, म्हणजे जनावरांचा, आणि त्यात आपला काही हात आहे, असं त्यांना वाटलं असावं. ज्या पावसात आमची अकरा मेंढरं एका रात्रीत गेली आणि डॉक्टर दुसऱ्या गावात अडकले होते, त्या पावसापासून त्यांच्या डोक्यात हे होतं. तोंडानं ते कधी बोलले नाहीत. आमच्या घरात कुणीच फारसं बोलत नाही. तुमच्या घरात सगळेच बोलतात, म्हणून मी हे तुम्हाला लिहितो आहे.

माघात ते गेले. ते कसे गेले हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. संध्याकाळी वाघराच्या जाळीच्या तोंडाशी बसून आत जाणारी मेंढरं मोजत होते. सहा विसांपर्यंत मोजली. पुढची मोजायची राहिली.

तेरवीला रिवाजाप्रमाणे मेलेल्याचं सगळं भाच्याला द्यायचं, म्हणून तुम्हाला पाटावर बसवलं. घोंगडं, काठी, पटका, वहाणा, छत्री, पितळी तांब्या, आणि त्यांची बंडी. उदक मीच सोडलं. बंडीच्या खिशात फोन होता. तुम्हाला वाटलं तो चुकून राहिला, आणि तुम्ही काढून माझ्यापुढे धरलाही होता. चुकून नव्हता राहिला. मायनं ठेवला होता. त्या फोनात पहाटे साडेचारचा गजर लावलेला होता आणि तो बंद कसा करायचा हे फक्त आबांना माहीत होतं. तेरा दिवस तो रोज वाजला. तेरा दिवस माय रोज साडेचारला उठून चहाला आधण ठेवायची, दोन कपांचं. म्हणून तिनं दिला. (आता तो तुमच्याकडे वाजतो आणि त्याच्यामुळे मेंढरं लवकर सुटतात असं तुम्ही म्हणालात, ते ऐकून बरं वाटलं. कुणाच्या तरी कामी आला.) मी त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं, की त्या नंबरावर माझं सगळं ॲडमिशन आहे. पण समोर पंगत बसली होती, आणि तुमच्या हातावर उदकाचं पाणी अजून ओलं होतं. नंतर आत्याला हळूच विचारलं, की नुसतं सिमकार्ड काढून घेतलं तर चालेल का. आत्या म्हणाली, "दान दिलेली चीज माघारी मागितली तर गेलेल्या माणसाला वाटंतून माघारी यावं लागतंय." मी म्हटलं बरं. आता सिमकार्डापायी आबांना एवढ्या लांबून चालत कुठे आणायचं.

मग बारावी झाली, नीट झाली, निकाल लागला. चारशे सत्तेचाळीस मार्क पडले हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात. मला वाटलं रेंज गेली. नंतर म्हणालात, "बावीस विसा सात. एवढी मेंढरं असती तर मामाला एक दिवस मजुरीला जायची पाळी आली नसती." माझ्या मार्कांवर आजवर एवढं खरं कुणी बोललेलं नाही.

जूनमध्ये जनावरांच्या डॉक्टरकीचा अर्ज भरायला घेतला. आधीच्या अर्जातला नंबर तसाच पुढे येतो आणि बदलायचा तर त्या जुन्या नंबरावरच ओटीपी येतो, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही काही न विचारता म्हणालात, "मग मी हाय की." तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार ठरले. तळावर रेंज नाही, म्हणून तुम्ही बारा वाजता आत्याला मेंढरांपाशी बसवून टेकडीवर चढायचं, पळसाच्या झाडाखाली बसायचं. मी योगीराजच्या दुकानातून बटण दाबणार, तुम्हाला संदेश येणार, मी फोन करणार, तुम्ही आकडे सांगणार. मुदत दहा मिनिटांची. तीनदा चुकलं तर चोवीस तास सगळं बंद. कागदावर हे फार सोपं दिसत होतं.

पहिल्या दिवशी पहिली चार मिनिटं तुम्ही पावसाचं विचारलंत, मायचं विचारलंत, आमच्या दोन्ही शेळ्यांचं नावानिशी विचारलंत. पाचव्या मिनिटाला तुम्ही जो आकडा सांगितलात तो कर्ज घ्या म्हणून आलेल्या जाहिरातीतला होता. दुसऱ्या वेळी बरोबर संदेश सापडला, पण तुम्ही आकडे दोन-दोनच्या जोडीनं, विसांत मोजून सांगितलेत. "लिही. दोन विसा सहा. एक विसा आठ. मग सतरा." योगीराज की-बोर्डवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी कागदावर शेहेचाळीस, अठ्ठावीस, सतरा असं मांडेपर्यंत मुदत संपली. तो म्हणाला, "ॲडमिशन चालू हाय का मेंढरांचा सौदा?" तिसऱ्या वेळी मी तयारीत होतो, पण तुम्ही पाचच आकडे सांगितलेत आणि ठामपणे सांगितलेत. ते भरले, चुकले, आणि चोवीस तास बंद झालं. शुक्रवारी तुम्ही स्वतःच मोकळेपणानं सांगितलंत, "पयल्यांदा पूज्य होतं. पूज्य म्हंजी काहीच न्हाई. काहीच न्हाई ते काय सांगायचं?" मेंढरं मोजताना हे अगदी बरोबर आहे. एकही मेंढरू नसलं तर ते कुणी मोजत नाही.

तरी हळूहळू जमलं. तुम्ही पूज्य सांगायला लागलात आणि मी विसांचा पाढा पाठ केला. अर्ज भरला, फोटो चढवला, दाखले चढवले. (आबांचा मृत्यूचा दाखला दोनशे केबीत बसत नव्हता. योगीराजनं तो तीन वेळा लहान केला तेव्हा बसला, पण मग त्यावरचं नाव वाचता येईना. मी म्हटलं चालेल. मला माहीत आहे कुणाचा आहे तो.) कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता, त्यात मी पहिलं परभणी लिहिलं. तिथून संध्याकाळी बसनं घरी येता येतं आणि माय एकटी राहत नाही. पहिल्या फेरीत कुठेच नाव नव्हतं. ती बातमी तुम्हाला दिली तेव्हा तुम्ही टेकडीवरून कुणाला तरी जी शिवी घातलीत ती योगीराजच्या दुकानात बसलेल्या बाईंनाही ऐकू आली. बरं वाटलं.

आता तुम्हाला माहीत नसलेला भाग. तुमच्या फोनवर, बारावी पास झालेल्या मुलांच्या बापांना खासगी कॉलेजवाले करतात तसे फोन यायचे, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. आबांचं नाव घेऊन, भुजंगराव बोलताय का, असं कुणी विचारलं की तुम्ही हो म्हणायचात. तुमच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. टेकडीवर भर दुपारी एकट्यानं बसून, अनोळखी माणसाला, मामा मेला म्हणून किती वेळा सांगायचं? पण तुमचा स्वभाव पडला मोकळा. नुसतं हो म्हणून तुम्ही थांबला नाहीत. एकाला म्हणालात, या की घरी, चहा प्यायला.

तो आला. एका शनिवारी दुपारी आमच्या दारात एक जीप थांबली. तिच्यावर एका कॉलेजचं नाव आणि हसणाऱ्या मुलामुलींचे फोटो होते. आतून दत्तराव सर म्हणून एक गृहस्थ उतरले, हातात शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. पालकांचा सत्कार करायला आलो म्हणाले. मी काही बोलायच्या आत ते घरात आले, आणि समोर हार घातलेला आबांचा फोटो. ते फोटोकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग परत फोटोखालचं नाव वाचलं.

"परवाच बोललो हो मी त्यांच्याशी," ते म्हणाले.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात माय चुलीपासून उठून पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिनं त्यांना विचारलं, "काय म्हणले?"

दादा, मायला सगळं माहीत आहे. तेरवी तिनं केली. फोन तिनं दिला. तरी तिनं विचारलं. दत्तराव सर घाबरले होते, पण खोटं बोलले नाहीत. "म्हणाले, पोराला शिकवायचं हाय. कुठं बी पाठवीन, पण शिकवीन."

माय खाली बसली. सरांनी शाल हातात इकडून तिकडे फिरवली, शेवटी ती आबांच्या फोटोवर घातली, पेढ्यांचा पुडा खाली ठेवला, आणि चहा न घेता गेले. जाताना वीस जाहिरातीचे कागद ठेवून गेले, ते मायनं चुलीला वापरले. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "बिरदेव लय बराबर बोलला." आणि थोड्या वेळानं, "पर तेंच्या नावानं न्हाई बोलायचं."

त्यानंतरच्या मंगळवारी मला काही काम नव्हतं तरी मी तुम्हाला फोन केला होता, हे आठवत असेल. तुम्ही विचारलंत, ओटीपी आला न्हाई की अजून? मी म्हटलं, येईल. मग तुम्ही मेंढरांबद्दल सांगत राहिलात आणि मी ऐकत राहिलो.

बुधवारी दुसऱ्या फेरीची यादी लागली. परभणीला नंबर लागला. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर सीट स्वीकारायची, नाही तर ती पुढच्या मुलाची. मी तुम्हाला आधी कळवलं नाही, कारण बुधवारी तुम्ही टेकडीवर नसता. शुक्रवारी बाराला मी योगीराजकडे हजर होतो, पण वीज नव्हती. ती आली सव्वातीनला. तुम्ही थांबलेले असणार हे मला माहीत होतं. योगीराजनं बटण दाबलं आणि मी तुमचा नंबर लावणार एवढ्यात त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. ओटीपी पाठवला आहे, असं लिहून पुढे नंबराचे शेवटचे दोन आकडे होते. ते आबांचे नव्हते.

मला वाटलं कुणीतरी माझी सीट चोरली. योगीराज की-बोर्डाकडे बघत म्हणाला, "काकू आल्त्या सोमवारी. काकांच्या मयताचा दाखला घेऊन. नंबर बदलून घेतला. तुला सांगू नको म्हणल्या." मायनं बचत गटाच्या कामासाठी मागच्या महिन्यात फोन घेतला आहे, तो नंबर. मी लगेच तिला लावला.

"माय, फोनवर आकडे आले असतील, ते सांग."

"कोण बोलायलंय?"

"सुरज."

"आकडे सांगायचे नसतेत. बँकेच्या मॅडमनं गटाच्या सगळ्या बायांना शपथ घालून सांगितलंय. कुणालाच न्हाई. पोटच्या पोराला बी न्हाई."

"माय, मी पोटचाच बोलतोय."

"तेच म्हणायलेय मी."

आणि तिनं फोन ठेवला. पुन्हा लावला तर ती उचलेना, कारण मॅडमनी तेही सांगितलं होतं. झरीच्या बाजारापासून आमची वस्ती तीन किलोमीटर. मी योगीराजची सायकल घेतली. गेलो तेव्हा माय अंगणात ज्वारी निवडत बसली होती आणि फोन पाटीखाली झाकून ठेवला होता. आकडे ती तिथेही सांगेना. म्हणाली, मी सोता येते, मी सोता भरते. मग तिला सायकलवर मागे बसवून परत निघालो. वाटेत चिखल होता. अर्ध्या वाटेवर ती मागून म्हणाली, "किती येळा उठिवतोस रं तेंला? मंगळवारी उठिवतोस, शुक्रवारी उठिवतोस. निजू दे की."

मी पायडल मारत होतो.

दुकानात पोहोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. पहिल्या आकड्यांची मुदत कधीच संपलेली. योगीराजनं दुसऱ्यांदा पाठवले. मायचा फोन कापडी पिशवीत होता, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्हींना अशा गाठी की त्या सुटेपर्यंत तीही मुदत गेली. आता एकदाच उरली होती. ती चुकली की चोवीस तास बंद, आणि पाचला अजून पस्तीस मिनिटं. तिसऱ्यांदा आले तेव्हा तिनं योगीराजला आणि मला तोंडं फिरवून भिंतीकडे उभं केलं. मग एका बोटानं एकेक आकडा शोधून दाबला. मला फक्त आवाज ऐकू येत होते. सहा आवाज मोजले. मग बराच वेळ काहीच नाही. मी भिंतीवरच्या आधार कार्डाच्या सूचना वाचत होतो.

"हिरवं आलं," माय म्हणाली.

सीट स्वीकारली गेली. चार वाजून चौतीस मिनिटांनी. माय चौथीपर्यंत शिकली आहे आणि तिनं पूज्यसुद्धा सोडलं नाही.

असं ते झालं, दादा. तुम्ही तेव्हा कदाचित पळसाखालीच होता. नंतर मी फोन करू शकलो असतो. त्या दिवशी नाही, मंगळवारी नाही, परवाच्या शुक्रवारीही नाही. विचारायचं काही उरलं नव्हतं, आणि नुसतं सांगायला फोन करायची आमच्या घरात सवय नाही. आत्ता बारा वाजून गेलेत. हे लिहितो आहे आणि तुम्ही बहुतेक टेकडीवर असाल. येत्या सोमवारी कॉलेज सुरू होतं. पहिल्या वर्षी जनावरांची हाडं शिकवतात म्हणे. मेंढराची मला येतील असं वाटतं. आत्याला नमस्कार. गुडघ्याला गरम विटेनं शेकावं.

तुमचा मामेभाऊ,
सुरज

ता. क. दत्तराव सरांचे पेढे आम्ही खाल्ले नाहीत. वर्ष होईपर्यंत घरात गोड करत नाहीत हे तुम्ही जाणताच. मायनं पुडा शिंक्यावर ठेवला होता, की कुणाला तरी देऊ. काळ्या शेळीनं तो कसा खाली ओढला कळलं नाही. माझ्या ॲडमिशनचे पेढे तेवढ्या एकटीनं खाल्ले. दोन दिवस तिचं पोट बिघडलं होतं. आता बरी आहे, म्हणूनच वर सुरुवातीला तसं लिहिलं.

दुसरा ता. क. वर एक गोष्ट मी खोटी लिहिली आहे, आणि जूनमध्ये तुम्हाला सांगितलीही खोटीच. नंबर पुढच्या अर्जात आपोआप आला नव्हता. ती जागा कोरी होती. माझ्याकडे तोवर जुना का होईना स्वतःचा फोन होता. योगीराजनं विचारलं, नंबर सांग, आणि माझ्या तोंडून आबांचा आला. त्यानं टाईप केला. मी बघत होतो, थांब म्हणालो नाही. एका दाखल्यावर तो बदलता येतो हेही त्यानं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. माझ्या फोनात तो नंबर अजून आबा याच नावानं आहे. तुम्ही उचलेपर्यंत स्क्रीनवर तेच दिसतं. एवढ्यासाठी मी तुम्हाला अख्खा पावसाळा आठवड्यातून दोनदा टेकडी चढायला लावली. ती टेकडी आत्याच्या गुडघ्यानं चढायची असती तर मला तिनं मारलं असतं. माफी असावी.

तिसरा ता. क. फोन मी माघारी मागत नाही. आत्याला सांगावं, दान दिलं ते दिलं. मायचंही खरं आहे, म्हणून आबांच्या नावानं आता कुणाशी बोलू नये. कुणी विचारलं तर बिरदेव बोलतोय म्हणावं. पण सिम बंद पडू देऊ नये, आणि मंगळवारी नाही जमलं तरी शुक्रवारी बाराला टेकडीवर चढावं. मी कॉलेजातून फोन करीन. ओटीपी येणार नाही. आमची मेंढरं तुमच्यातच मिसळली आहेत. वर गेल्यावर खाली चरताना ती दिसत असतील, तेवढी मोजून सांगावीत, विसांत. आबांची सहा विसांपर्यंत झाली होती. तिथून पुढे मोजावं. घाई करू नये. याला दहा मिनिटांची मुदत नाही.